पाच वाजायला दहा मिनिटं

रविवार, ३ सप्टेंबर १९६७. स्टॉकहोममधल्या कुंग्सगातान या हमरस्त्यावर भल्या पहाटे जत्रेसारखी गर्दी लोटली होती. कुणी रात्रभर जागलं होतं, कुणी गजर लावून उठून आलं होतं. खासगी गाड्यांना शहरात दुपारपर्यंत बंदी होती. टॅक्सी, बस आणि परवाना मिळालेली वाहनं तेवढी धावत होती. चार वाजून पन्नास मिनिटांनी तीही थांबली. मग ड्रायव्हरांनी सावकाश, अंदाज घेत, आपापली गाडी रस्त्याच्या डाव्या कडेवरून उजव्या कडेला नेली आणि तिथे पुन्हा उभी केली. रेडिओवर उलटी मोजणी चालू होती. पाचचा ठोका पडला, आणि सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ डावीकडून चाललेला देश उजवीकडून चालू लागला.

त्या सकाळचं कुंग्सगातानचं एक छायाचित्र जगभर फिरलं. गाड्या आडव्यातिडव्या उभ्या, कोण कुठून कुठे निघालाय त्याचा पत्ता नाही, मधूनच माणसं चाललेली. ते पाहून कुणालाही वाटावं, की काय हा गोंधळ! प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांमागे चार वर्षांची तयारी होती. एका अख्ख्या देशाच्या हातापायांना लागलेलं वळण एका पहाटेत मोडायचं होतं, आणि तेही माणसं न मारता.

मुळात ही वेळ स्वीडनवर का आली?

स्वीडनच्या पश्चिमेला नॉर्वे, पूर्वेला फिनलंड, दक्षिणेला अरुंद सामुद्रधुनीपलीकडे डेन्मार्क. तिघेही उजवीकडून चालणारे. नॉर्वे आणि फिनलंडशी तर स्वीडनची शेकडो किलोमीटरची जमिनीवरची सरहद्द, आणि तिच्यावरून वर्षाला लाखो वाहनं ये-जा करणारी. सीमा ओलांडली की ड्रायव्हरनं मनातली बाजू बदलायची. दिवसा, शुद्धीत, चौकीवर थांबून निघालेल्या माणसाला ते जमतं. रात्री, पेंगुळल्या डोळ्यांनी, सामसूम रस्त्यावर एखाद्या वळणानंतर हात आपसूक जुन्या बाजूला जातो, आणि समोरून कुणीतरी येत असतं.

त्याहून मोठी अडचण घरातच होती. स्वीडन चालत होता डावीकडून, पण तिथल्या दहापैकी नऊ मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच होतं. बाहेरून येणाऱ्या बहुतेक गाड्या तशा होत्या, आणि व्होल्वो आणि साब या घरच्या कंपन्याही देशातल्या गिऱ्हाइकासाठी तशाच गाड्या बनवत होत्या. यातला धोका कळायला कोकणातला वळणाचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. पुढे मालानं लादलेला ट्रक रखडत चाललेला असला की आपला ड्रायव्हर काय करतो? गाडी जराशी उजवीकडे काढतो, ट्रकच्या कडेनं पुढचा रस्ता बघतो, समोरून एसटी येताना दिसली तर पुन्हा मागे आत घेतो. हे त्याला जमतं, कारण तो उजव्या सीटवर, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्या बाजूला बसलेला असतो. त्याच माणसाला डाव्या सीटवर बसवलं तर? ट्रकच्या पुढचं काही दिसायचं असेल तर अख्खी गाडीच समोरच्याच्या वाटेत घालावी लागेल. स्वीडनच्या दुपदरी रस्त्यांवर रोज हेच होत होतं, आणि समोरासमोरच्या टकरी होऊन माणसं दगावत होती.

जगात रस्त्याच्या या दोन बाजू पडल्या कशा, याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यातली सगळ्यांत लाडकी तलवारीची. बहुतेक माणसं उजव्या हाताची. घोडेस्वारानं डावीकडून चाललं की तलवारीचा हात समोरच्याकडे राहतो, म्हणून जुनं जग डावीकडून चाले. गोष्ट पटण्यासारखी आहे, पण वाटसरूंचे वाद आणि राजाचे नियम यांच्यात फरक असतो. ठाम सांगता येतं ते कायद्यांवरून. लंडन ब्रिजवरची कोंडी फोडण्यासाठी १७५६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं पुलावर डावीकडून चालण्याचा नियम केला, आणि १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टनं तो सगळ्या रस्त्यांना लागू झाला. इंग्रजांचं राज्य जिथे पोचलं तिथे बहुतेक ठिकाणी हा नियम पोचला. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरची आपली डावी बाजू ती हीच.

अमेरिकेत उलटं घडलं, आणि त्याचं कारण गाडीवानाच्या बसण्यात सापडतं. आपल्याकडचा गाडीवान धुरीवर मधोमध बसतो, दोन्ही बैल त्याच्या हाताशी. पेनसिल्व्हेनियातल्या कॉनेस्टोगा नावाच्या अवाढव्य मालगाड्यांना चार-चार, सहा-सहा घोडे जुंपत, आणि हाकणाऱ्याला पुढे बसायला जागाच नसे. तो मागच्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसे, नाहीतर गाडीच्या डाव्या अंगानं चालत राही. उजव्या हातात आसूड असला की सगळे घोडे टप्प्यात येत. आता अशा माणसाला समोरून दुसरी गाडी आली तर ती आपल्या डावीकडून जावी असंच वाटणार, कारण चाकाला चाक घासत नाही ना, हे त्याला तिथूनच दिसतं. म्हणजे त्यानं रस्त्याच्या उजव्या कडेला राहायचं. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर या टोलरस्त्यासाठी पेनसिल्व्हेनियानं १७९२ मध्ये उजवीकडून चालण्याचा कायदा केला. न्यूयॉर्कनं १८०४ मध्ये. पुढे १९०८ साली हेन्री फोर्डनं मॉडेल टी बाजारात आणली ती डाव्या स्टिअरिंगची. बाजूला बसलेल्यांना चिखल-गर्दी टाळून थेट पदपथावर उतरता यावं, हा त्यातला सोयीचा भाग. दीड कोटी मॉडेल टी विकल्या गेल्या. हाकणाऱ्याच्या बसण्यातून सुरू झालेली सवय आता लोखंडात ओतली गेली होती.

युरोपात उजवी बाजू नेपोलियनच्या फौजांनी पसरवली असं सर्रास सांगितलं जातं. पण नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये वर्षानुवर्षं होतं, तरी माद्रिदमध्ये १९२४ पर्यंत वाहनं डावीकडूनच चालली. रस्त्याची बाजू ठरवण्यात एका माणसाच्या हुकमापेक्षा शेजाऱ्याशी असलेल्या व्यवहाराचा वाटा मोठा असतो.

अर्थात हुकमानंही बाजू बदलल्या आहेत. ऑस्ट्रियात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पश्चिमेचे प्रांत उजवीकडून आणि व्हिएन्नाकडचा भाग डावीकडून चाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाही उजवीकडे गेलं. पुढच्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, त्यांच्याबरोबर तिथेही बाजू पालटली. देश ताब्यात गेल्याची जाणीव तिथल्या माणसांना झेंड्याइतकीच रस्ता ओलांडतानाही झाली असेल. उजवीकडून ट्राम येणार म्हणून तिकडे बघावं, आणि ती दुसरीकडून यावी.

शेजाऱ्याचा हिशेब किती बळकट असतो याचा एक दाखला थेट आपल्या उंबऱ्यावरचा आहे. १ जून १९२८ रोजी पोर्तुगाल डावीकडून उजवीकडे गेला. त्याच्या बहुतेक वसाहतीही गेल्या. अंगोला गेला, तिमोरही गेला. पण गोवा गेला नाही, मोझांबिक गेला नाही, मकाव गेलं नाही. या तिन्ही मुलखांना जमिनीवरचे शेजारी डावीकडून चालणारे होते. लिस्बनचा हुकूम पणजीला चालत असला तरी पणजीहून निघालेला रस्ता पेडणे ओलांडून बांद्याला, सावंतवाडीला येत होता, दुसरा बेळगावच्या घाटाकडे चढत होता. माल तिकडून यायचा, माणसं तिकडे जायची, नात्यागोत्याचे संबंध दोन्हीकडे. रस्त्याच्या बाजूपुरता गोवा लिस्बनचा नव्हता, तो कोकणचा होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा टपालाची तिकिटं बदलली, नाणी बदलली, सरकारी कागदावरची भाषा बदलली. गाडी हाकणाऱ्याला मात्र काही नव्यानं शिकावं लागलं नाही.

स्वीडनला हा शेजारधर्म समजत होता, पण स्वीडिश माणसाला तो नको होता. १९५५ मध्ये सरकारनं सार्वमत घेतलं. ८३ टक्के लोकांनी डाव्या बाजूच्या पारड्यात मत टाकलं. इतका साफ कौल क्वचितच मिळतो. तरी १९६३ मध्ये संसदेनं उजवीकडे जाण्याचा निर्णय घेतला.

हा प्रसंग नुसता पुढे ढकलून देण्यासारखा नाही. लोकांना विचारायचं आणि त्यांनी सांगितलेलं बाजूला ठेवायचं, हे कुठल्याही लोकशाहीत खुपणारंच. कायद्यानं ते सार्वमत फक्त सल्ल्यापुरतं होतं, पण कायद्याचा आधार असला म्हणून माणसाचा राग जात नाही. सरकारच्या बाजूनं एकच खणखणीत मुद्दा होता : दर वर्षी रस्त्यावर नव्या गाड्या येत होत्या, नवे रस्ते होत होते, आणि बदल जितका लांबेल तितका तो महाग आणि जीवघेणा होणार होता. लोकांच्या मनाविरुद्ध एखादी गोष्ट करायची तर ती निदान त्यांना इजा न होऊ देता करून दाखवण्याचं ओझं सरकारवर येतं. स्वीडननं ते ओझं उचललं.

त्यासाठी खास आयोग नेमला गेला. शेवटची दोन वर्षं दळणवळण मंत्री होते ओलोफ पाल्मे, तेच जे पुढे पंतप्रधान झाले. आयोगानं मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरलं, कारण हा प्रश्न रस्त्यांपेक्षा सवयींचा होता. माणूस रस्त्याची बाजू विचार करून निवडत नाही; पाय आधी निघतो. म्हणून हा बदल लोकांच्या डोळ्यांपुढून हलूच द्यायचा नाही असं ठरलं. दिवसाला नाव दिलं ‘डागेन हो’, म्हणजे ‘हो-दिवस’. उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा स्वीडिश शब्द एच या अक्षरानं सुरू होतो, आणि त्या अक्षराचा स्वीडिश उच्चार आपल्या ‘हो’सारखा. ज्या लोकांनी ८३ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं त्यांच्या दिवसाचं नाव मराठी कानाला असं ऐकू येतं.

त्या अक्षरातून डावीकडून उजवीकडे वळणारा बाण, असं चिन्ह तयार झालं. दुधाच्या खोक्यांवर ते होतं, अंतर्वस्त्रांवरसुद्धा होतं. घरोघरी पुस्तिका गेल्या. टेलिव्हिजननं या विषयावर गाण्यांची स्पर्धा घेतली. सकाळी चहाकॉफीसाठी दूध ओतणाऱ्या बाईला, शाळेत निघालेल्या पोराला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना एकच तारीख पाठ झाली.

रस्त्यांवरचं काम याहून किचकट. सुमारे साडेतीन लाख फलक हलवायचे होते, आणि त्यातले बरेचसे एका रात्रीत. चौकाचौकात सिग्नलचे नवे खांब आधीच उभे करून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते. रस्त्यांवर नवे पांढरे पट्टे मारून त्यांवर काळी पट्टी चिकटवली होती. आधीचे पट्टे पिवळे असत, म्हणजे रंग पाहूनच नवं-जुनं कळावं. हेडलाइट बदलायचे, कारण डाव्या बाजूसाठी बसवलेला झोत आता समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे न्यायचे.

आणि बसचे दरवाजे! हे आधी कुणाच्या ध्यानात येत नाही. बसचा दरवाजा फुटपाथच्या बाजूला असतो. बाजू बदलली की तोच दरवाजा रस्त्याच्या मध्यावर, धावत्या गाड्यांच्या तोंडावर उघडतो. स्वीडननं सुमारे हजार नव्या बस घेतल्या आणि आठएक हजार जुन्या बसना दुसऱ्या बाजूलाही दरवाजे पाडले. गॉथेनबर्ग आणि माल्मोच्या काही बस पाकिस्तान आणि केनियाला विकल्या गेल्या. ते देश डावीकडून चालणारे, तिथे त्यांच्या दरवाजांना अडचण नव्हती. ट्रामना नशिबानं साथ दिली नाही. शहराच्या गल्ल्यांतले रूळ, थांबे, डबे सगळं उलटं करण्याचा खर्च पाहता स्टॉकहोमनं मध्यवस्तीतल्या ट्राम बंद करून टाकल्या. गॉथेनबर्गनं त्या राखल्या, आणि आजही तिथे ट्राम हेच शहराचं मुख्य वाहन आहे. एकूण खर्च आला ६२ कोटी ८० लाख क्रोनर.

शनिवारी रात्री एक वाजता देशभरातली बिनगरजेची वाहतूक थांबली. स्टॉकहोम आणि माल्मोत तर शनिवारी सकाळपासूनच. मग रात्रभर कामगार आणि जवान शिड्या-टॉर्च घेऊन फिरत होते. प्लास्टिक फाडत होते, पट्ट्या सोलत होते, जुने फलक झाकत होते. पहाट व्हायच्या आत ज्या चौकात एक जग होतं तिथे त्याचं आरशातलं रूप उभं राहिलं. आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना गाड्या थांबल्या.

सोमवारी खरी परीक्षा होती. कामाचा दिवस, सगळे रस्त्यावर. त्या दिवशी १२५ अपघातांची नोंद झाली. आधीच्या सोमवारांचा आकडा १३० ते १९८ च्या दरम्यान असे. त्या १२५ पैकी एकही जीवघेणा नव्हता. १९६६ मध्ये स्वीडनच्या रस्त्यांवर १३१३ माणसं गेली होती, १९६७ मध्ये १०७७. वेगमर्यादा कमी ठेवल्या होत्या हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण साधं आहे : लोक बघून चालवत होते. प्रत्येक वळणावर प्रत्येक जण क्षणभर थबकत होता, समोरच्याला वाट देत होता. दोन वर्षांत नवी बाजू अंगवळणी पडली, आणि १९६९ पर्यंत अपघातांचे आकडे पुन्हा जुन्या पातळीवर आले. वाचलेले ते जीव लोकांच्या सावधपणानं वाचले होते, आणि सवय लागल्यावर सावधपणा ओसरला. या सगळ्या हकिकतीतली ही सर्वांत चटका लावणारी बाब.

स्वीडनपाठोपाठ २६ मे १९६८ रोजी आइसलंड उजवीकडे गेला. सगळीकडे इतका विचार झाला असं मात्र नाही. ब्रह्मदेशात १९७० मध्ये ने विनच्या लष्करी राजवटीनं एका फटक्यात उजवी बाजू लादली. गाड्या मात्र उजव्या स्टिअरिंगच्याच राहिल्या, आणि पुढे जपानहून येणाऱ्या जुन्या मोटारींनी त्यांत भरच घातली. स्वीडननं ज्या जोखमीतून सुटका करून घेतली, तीच तिथे उलट्या बाजूनं येऊन बसली. यांगूनच्या प्रवाशांनी कित्येक वर्षं बसमधून रस्त्याच्या मधोमध उतरून काढली. मणिपूरमधल्या मोरेहून पलीकडे तामूला जाणाऱ्या गाडीला आजही सरहद्दीवर बाजू बदलावी लागते.

डावीकडे वळणारेही आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेलं ओकिनावा उजवीकडून चाले. १९७२ मध्ये ते जपानला परत मिळालं, पण रस्ते तसेच राहिले. ३० जुलै १९७८ च्या सकाळी सहा वाजता बेटावरच्या गाड्या उरलेल्या जपानसारख्या डावीकडे आल्या. तिथले लोक त्या दिवसाला ‘सात-तीन-शून्य’ म्हणतात. परत मिळाल्यापासून सहा वर्षांनी आपल्या देशाच्या बाजूनं चालायला मिळालं, याचं तिथल्या माणसांना काय वाटलं असेल! २००९ च्या सप्टेंबरमध्ये सामोआनंही डावी बाजू घेतली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्या सामोअन लोकांनी तिथल्या वापरलेल्या मोटारी घरी पाठवाव्यात, त्या गावाकडच्या भावंडांना परवडाव्यात, हा त्यामागचा हिशेब. तिथेही विरोध झाला, कोर्टकज्जे झाले.

माणसांनी जुळवून घेतलं, जनावरांचं काय? कॅनडातल्या नोव्हा स्कोशियानं १९२३ मध्ये डावी बाजू सोडली. तिथल्या लुननबर्ग परगण्यात ओढकामाचे बैल डावीकडून चालायला शिकवलेले होते. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याला ठाऊक असतं, डाव्या जागेचा बैल उजवीकडे जुंपला तर तो पाऊल टाकत नाही. ते बैल नव्या बाजूला वळेनात. मालकांनी ते खाटकाला विकले, आणि त्या वर्षी मांस इतकं स्वस्त झालं की लुननबर्गमध्ये १९२३ हे ‘फुकट मांसाचं वर्ष’ म्हणून लक्षात राहिलं. वर्षानुवर्षं लाकूड ओढलेल्या त्या जनावरांना कुणी पुस्तिका वाटली नव्हती.

स्वीडनमध्येही एक गोष्ट त्या पहाटे बदलली नाही. कुंग्सगातानवर उभं राहिलं की आज वाहनं उजवीकडून जाताना दिसतात. तिथेच बाजूला ह्योतोरियेत या मेट्रो स्टेशनचा जिना आहे. देशभरातले सिग्नल, सांधे आणि फलाट उलटे करणं परवडणारं नव्हतं, आणि रुळावरच्या गाडीला समोरून मोटार येत नाही. म्हणून १९६७ च्या त्या निर्णयातून रेल्वे वगळली होती. जिना उतरून खाली फलाटावर गेलं की गाडी येते ती डाव्या रुळावरून.